शेवटच्या फेरीची शिट्टी

३ एप्रिल

ताई,

फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड, कागद काही पळून जात नाही.

माझा फोन तू अडवून टाकलास. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझं 'हॅलो' ऐकून ठेवून देतेस. टपाल अडवता येत नाही, म्हणून टपाल. तुझ्या सरावाच्या शिबिराचा पत्ता आईकडून काढला. तिला बोलू नकोस, ती बिचारी अजून समजते की आपलं भांडण म्हणजे लहानपणीचं भांडण, भूक लागली की मिटेल. अक्षराला हसू नकोस. सहावीपर्यंतचं अक्षर आहे, पुढचं शाळेतच राहिलं.

मी इकडे मैदानावर कामाला आहे. साधं मैदान नाही, एका बाजूला उभं राहिलं तर समोरच्या बाजूचा माणूस काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो. आमची टोळी पळायचा ट्रॅक घालते. खाली डांबर, त्याच्यावर काळ्या रबराचा चुरा डिंकात कालवून, त्याच्यावर लाल थर. मशीन मधलं काम करतं, कडा माणसाने करायच्या. गुडघ्यांना गाद्या बांधून दिवसभर रांगतो. डिंकाचा वास डोक्यात चढतो. माझ्या वरच्या खाटेवर झोपतो त्याला आम्ही बोक्या म्हणतो. तो म्हणतो, इथे दारूला वेगळे पैसे घालवायची गरज नाही, पगारातच धरलीय.

परवा मुकादमाने भिंतीवरचं चित्र दाखवलं. ऑगस्टमध्ये जगभरातले पळणारे इथे येणार. जागतिक स्पर्धा. त्यात बायकांची दहा हजार मीटरही आहे. मी म्हटलं, मग माझी ताई येणार. सगळे हसले. मुकादम म्हणाला, "आणि माझी आजी उंच उडीला येणार."

म्हणून लिहितोय. येणार ना? आईने सांगितलं की तुझा नंबर लागलाय. येशील तेव्हा मला काही नको. भेटू नकोस, बोलू नकोस, फोटोही नको. फक्त पळून झालं की आमच्या टोळीकडे बघून एकदा हात वर कर. एवढंच. एक हात. त्याला काय लागतं?

तुझं शेपूट

२९ एप्रिल

ताई,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं. तरी रोज मुकादमाच्या टेबलावर बघत होतो. मुकादम म्हणतो, "अरे, तुझ्या ताईचं पत्र पळत येतंय, दहा हजार मीटर आहे, वेळ लागणारच."

काल बोक्याने त्याच्या फोनवर तुझी मुलाखत लावली. सगळ्यांना गोळा करून लावली. छान दिसत होतीस, गाल बसलेत पण छान. त्या बाईने विचारलं, घरून कुणाची साथ मिळाली? तू म्हणालीस, "मी एकुलती एक. बाबा कधीमधी बघायला यायचे. बाकी सगळं मी आणि सरांनी."

एकुलती एक!

बोक्या म्हणाला, "मग तू कोण रे, शेजारचा?" मी म्हटलं, ती घाबरली असेल, कॅमेऱ्यासमोर होतं असं. तो म्हणाला, "हो हो. मीही कॅमेऱ्यासमोर बायकोला विसरतो."

ताई, तू विसरली असशील तर मी सांगतो. बस डेपोच्या मागचं आवार. मधे पाण्याची टाकी, तिच्याभोवती तुझी फेरी. बाबा दिवसभर बसच्या पत्र्यांना वेल्डिंग करून डोळे लाल करून यायचे आणि तसेच तुला पळायला उभी करायचे. मी भिंतीवर. एका खिशात खडे, एक फेरी झाली की एक खडा दुसऱ्या खिशात. तुला मोजायची बंदी. बाबा म्हणायचे, "पळणाऱ्याने मोजायचं नाही. मोजलं की पाय हिशेब मागतात." म्हणून मोजायचं मी आणि पळायचं तू. शेवटचा खडा हातात आला की मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचो आणि तू उरलेलं सगळं ओतायचीस.

आणि ती शेवटची फेरी बाबांना पाहिजे तशी आली नाही तर पट्टा. तुला नाही. तुला कसा मारणार, तुला पळायचं होतं. पट्टा मला. बाबांचा हिशेब सरळ होता, मारलेला पाय पळत नाही पण मारलेला भाऊ बहिणीला पळवतो. शिट्टी वाजली की तू जी सुटायचीस ती कुणासाठी सुटायचीस, हे त्या मुलाखतवाल्या बाईला सांगायचं होतंस. तुझ्या सगळ्या जुन्या वेळा माझ्या पाठीवर आहेत. सरांच्या घड्याळात नंतर आल्या.

आणि मी तुला सायकल दिली नाही म्हणून एकदा तू शेवटची फेरी चालत आलीस. चालत! माझ्याकडे बघत, हसत. ते मी कुणाला सांगितलं नाही. बोक्यालाही नाही.

पेपरात वाचलं की तुझी खोड अजून गेलेली नाही. सरांनीच सांगितलंय, ही फेऱ्यांचा बोर्ड बघतच नाही, डोकं खाली घालून पळते आणि शेवटच्या फेरीच्या घंटेची वाट बघते. वाचून मला हसू आलं. घंटा म्हणजे कोण? मीच की. फक्त पितळेचा.

इथे मी एकदा शिट्टी मारली तर तुझे पाय ऐकतील, तू ऐक नाहीतर नको ऐकू. घाबरू नकोस, गंमत केली.

शेपूट

२० जून

ताई,

आईचा फोन आला. तुझा निरोप मिळाला. "त्याला सांग, मैदानात तोंड दाखवू नको." आईने तो जरा गोड करून सांगायला बघितलं, म्हणाली, ताई म्हणते गर्दीत कशाला येतोस, उन्हाचं. मी म्हटलं, आई, तिचे शब्द सांग. मग तिने सांगितले आणि रडली.

तोंड दाखवणार नाही. टोपी घालीन. झालं?

निवड चाचणीच्या दिवसाचा राग तू एवढी वर्षं धरून बसलीस. मी कुंपणावर चढलो तो काय गुन्हा? तूच बोलावलं होतंस. म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी बोलावलं होतंस, पण बोलावणं काय दुधासारखं नासतं का? थोडी घेतली होती. थोडीच. मी उलटी केली तेव्हा सरांचे बूट मधे आले, हे सरांचं नशीब. तुझं नाव घेऊन ओरडत होतो, शिव्या नव्हतो देत, निदान तुला नव्हतो देत. त्या राखणदाराने माझी मान धरून तुझ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "बाई, हा तुमचा कोण?"

"कुणी नाही," म्हणालीस.

मला वाटलं तुला नीट दिसलो नाही. म्हणून मी हसलो. माझ्या पुढच्या दातातली फट तुला माहीत आहे, तीच तर शिट्टीची जागा. तू पुन्हा म्हणालीस, "मी ओळखत नाही याला." मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे काय झालं ते तुला कशाला. त्यानंतर फट जरा मोठी झाली. शिट्टी आता आधीपेक्षा चांगली वाजते.

इकडचं सांगतो. ट्रॅक झाला. लाल थर टाकायच्या आधी एक काम केलं, बोक्याशिवाय कुणाला माहीत नाही. शेवटच्या रेषेच्या जरा पुढे, आतल्या पट्ट्यात, डांबरावर खडूने 'ताई' लिहिलं. खाली 'शेपूट'. मग त्याच्यावर काळा थर, मग लाल. आता वर काही दिसत नाही. पण प्रत्येक फेरीला तुझा पाय त्याच्यावर पडणार आहे. नको म्हणालीस तरी पडणार.

माझं काम संपून मी गेलो असतो, पण मुकादमाला मस्का मारून अडथळे उचलणाऱ्यांच्या टोळीत लागलो. अडथळ्यांची शर्यत असते ना, ते लाकडी जड अडथळे आणायचे, मांडायचे, उचलायचे. बाकी वेळ ट्रॅकच्या आत, रेषेच्या पुढे पहिल्या वळणावर स्टुलांवर बसायचं. तू माझ्यासमोरून दर फेरीला जाशील. एवढ्या जवळून की घाम उडाला तर अंगावर येईल.

आई म्हणाली, तुझं कंबरेचं दुखणं वाढलंय आणि सर म्हणालेत की ही शेवटची. पहिल्या तिघींत आलीस तर नोकरी पक्की, नाहीतर शिबिरातली खाट दुसऱ्या पोरीला. खरं का? मग नीट पळ. मी बोटं खिशात ठेवीन.

फक्त पळून झालं की हात. सगळ्यांना सांगून बसलोय गं. आता हे माझ्या अब्रूवर आलंय. तुझ्याकडे ती पोत्याने आहे, मूठभर इकडे टाक.

शेपूट

१४ ऑगस्ट

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. तू इथे आलीस, तुमच्या उतरायच्या जागी दारावर देऊन येईन. तिथला माणूस म्हणाला, पोचवतो.

आज सरावाला आलीस. मी सकाळपासून दाढी करून बसलो होतो. बोक्या म्हणाला, "अरे, पळायचंय तिला, लग्न नाही करायचं."

तू आतल्या पट्ट्यातून चार-पाच फेऱ्या मारल्यास. सावकाश. उजवा पाय जरा ओढतेस, लोकांना कळत नसेल, मला कळलं. मग तू आमच्याकडेच आलीस. सरळ आमच्याकडे. बोक्याने मला कोपर मारलं. मी टोपी काढली, निरोप विसरलो. तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, "पाणी."

माझ्या पायाशी खोकं होतं. मी बाटली काढली, झाकण सैल करून दिली, लहानपणी द्यायचो तशी. तू घेतलीस. बाटलीकडे बघत म्हणालीस, "थँक्यू."

आणि गेलीस.

आता सबंध टोळी मला तेच म्हणते. मीठ दिलं, थँक्यू. वाट सोडली, थँक्यू. मुकादमासारखा माणूस, ज्याला हसायला वर्ष लागतं, तोसुद्धा हजेरी घेताना माझ्या नावापुढे थांबून म्हणाला, थँक्यू. बोक्या तर अंघोळीला बसल्या बसल्या गातो.

मला एकच सांग. तू ओळखलं नाहीस की ओळखून म्हणालीस? ओळखलं नसशील तर माफ. ताई, खरंच माफ. फट बघायला माणसाने हसायला पाहिजे आणि मी हसलो नव्हतो, तोंडच उघडलं नाही. पण तू झाकणाकडे बघितलंस. सैल केलेल्या झाकणाकडे तू क्षणभर बघितलंस, तेही मी बघितलं.

परवा संध्याकाळी तुझी शर्यत. मी माझ्या जागेवर असेन. हात वर कर. या वेळी विनंती नाही करत, सांगतोय.

मी

१७ ऑगस्ट

ताई,

कशी आहेस विचारत नाही. शहाणा माणूस पडलेल्या घराला रंग कुठला विचारत नाही.

मी काय बघितलं तेवढं लिहितो. तुला तुझ्या बाजूने दिसलं असेल, मला माझ्या.

सुरुवातीला तू मधे होतीस, घोळक्यात. छान दबून पळत होतीस. तुझ्यापुढे त्या दोघी उंच, काठ्यांसारख्या, आणि एक बुटकी, वळणावर प्रत्येकीला कोपर दाखवणारी. पहिल्यांदा समोरून गेलीस तेव्हा मी म्हटलं, आत्ता नाही, आत्ता ध्यान पळण्यात पाहिजे. बोक्या म्हणाला, "हात?" मी म्हटलं, पळून झाल्यावर. दुसऱ्या फेरीला त्याने पुन्हा विचारलं. मग प्रत्येक फेरीला. तू गेलीस की तो तोंड माझ्या कानाशी आणायचा. "हात राहू दे, पापणी तरी हलली का?" "अरे, ती तिकडे बघतेय, तिकडे तिचा दुसरा भाऊ असेल." मागची पोरं फिदीफिदी. मुकादम म्हणाला, "गप बसा रे, त्याची एकुलती एक आहे."

मी बोटं खिशात ठेवली होती. शब्दाला जागलो होतो.

मग घोळका फुटला. मागच्या मागे पडल्या आणि पुढे तुम्ही चौघी राहिलात. तू चौथी. मग तू तिसरी झालीस, बुटकीला बाहेरून काढलंस. सगळं मैदान उठलं. माझ्या अंगावर काटा आला ताई, आई शप्पथ. मी उभा राहून ओरडलो, "ताई!" तू माझ्यापासून दोन हातांवर होतीस. तुझी मान हलली. माझ्याकडे नाही. दुसरीकडे. एखाद्या दारावरचा भिकारी फार ओरडायला लागला की घरातली बाई खिडकी लावते ना, तशी तू मान फिरवलीस.

तेव्हा बोक्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या फेरीला तू रेषा ओलांडून वळणावर आलीस आणि शिट्टी वाजली.

तेवढ्या गर्दीत शिट्ट्या काय कमी असतात? लोक भोंगे वाजवतात, डबे बडवतात. कुणाचीही असेल. माझं म्हणणं एवढंच आहे की मला वाटलं तू बघशील. फक्त बघशील.

तू बघितलं नाहीस. तू सुटलीस.

माणूस एवढं सुंदर पळताना मी कधी पाहिलं नाही. उजवा पाय ओढायचा थांबला. खांदे खाली गेले, हनुवटी आत गेली, डेपोतल्यासारखी. त्या दोन काठ्यांना तू उभ्या उभ्या मागे टाकलंस. समोरच्या बाजूला तू एकटी दिसत होतीस, मागे कुणी नाही. बोक्या नाचायला लागला. मुकादमाने टोपी उडवली. सगळे मला मिठ्या मारत होते, "तुझी ताई रे, तुझी ताई!" मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या एका फेरीत मिळालं आणि मला नाचता येत नव्हतं, कारण मीच एकटा असा होतो ज्याला माहीत होतं की पुढे काय आहे. म्हणजे, फेऱ्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं. कुणीही वाचू शकत होतं. पण आमच्या टोळीला पाटी वाचायची सवय नाही आणि तुलाही नाही.

मोजणारा मी. फेऱ्या किती राहिल्यात हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर तू हसशील. म्हणून लिहीत नाही.

तू रेषेवर छाती टाकलीस. थांबलीस. आणि हात वर केलेस. दोन्ही. एक मागितला होता.

तेव्हा घंटा वाजली.

मला तुझं तोंड दिसत होतं, मी समोरच होतो. तू आधी घंटेकडे बघितलंस, कुणीतरी चूक करतंय असं. तुझे हात वरच होते. मग एक काठी तुझ्या डाव्या अंगाने गेली. मग दुसरी. मग बुटकी. मग मागच्या. तू कमरेत वाकलीस आणि पुन्हा पळायला लागलीस, पण पाय काढून घेतल्यासारखी. ती शेवटची फेरी तू कशी आलीस ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटले होते. आठवी आलीस असं बोक्याने सांगितलं. तू ट्रॅकवर बसून बूट काढलेस आणि ते समोर नीट जोडून ठेवलेस, हे मात्र बघितलं.

तू कुंपणाकुंपणाने आमच्याकडे यायला लागलीस, अनवाणी. एकेकाच्या तोंडाकडे बघत. मला अडथळे उचलायचे होते. पुढची शर्यत होती. मी एका अडथळ्याखाली खांदा घातला आणि पाठ तुझ्याकडे केली. शेपूट होतो, शेपूट घातलं. मग सरांनी तुला नेलं.

लहानपणी मी कधीकधी एक खडा चोरायचो, आठवतं? तू फार दमलेली दिसलीस की एक फेरी आधीच शिट्टी मारायचो. तुझ्यासाठी. बाबा भिंतीला टेकून म्हणायचे, "लवकर मारलीस." आणि पट्टा काढायचे. ते तू विसरली नसशील. तसंच काहीसं असेल हे, असं समज.

घरी फोन केलास का?

शेपूट

१९ ऑगस्ट

ताई,

हे शेवटचं. खोली रिकामी करायला सांगितलंय, बोक्याच्या खाटेवर बसून लिहितोय. बोक्या समोर माझी पिशवी भरतोय. तो दोन दिवस विनोद करत नाही, त्यामुळे खोलीत माणूस मेल्यासारखं वाटतं.

काल दुपारी तू होतीस तिथेच, पण त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. काल सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, "शर्यत लावली होती. बाबांना उशा लावून बसवलं होतं." लकवा झाल्यापासून बाबांकडे चार शब्द उरलेत, तेही धड नाहीत. पाणी म्हणायचं असलं तरी आईचं नाव घेतात. आई म्हणाली, "टीव्हीत शिट्टी ऐकू आली रे. एवढ्या आवाजात बारीकशी. मला वाटलं भास. पण यांचा चांगला हात मांडीवर आपटला. म्हणाले, लवकर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इतका स्वच्छ शब्द सहा महिन्यांत नाही ऐकला. पुन्हा म्हणाले, लवकर. आणि मग तुझं नाव घेतलं, शेपूट. हसत होते रे ते. अर्ध्या तोंडाने." मग आईचा आवाज बदलला. "तूच का रे ते?"

मी म्हटलं, आई, आवाज तुटतोय. आणि ठेवला. तू माझ्याशी जे करतेस ते मी तिच्याशी केलं. सोपं असतं गं, अंगठा नुसता.

दुपारी आम्हाला मागच्या आवारात रांगेत उभं केलं. तुमच्या सरांनी तक्रार दिली होती की आतल्या कुणा कामगाराने शिट्टी मारून पोरीला फसवलं. निकाल बदलणार नाही म्हणे, पण माणूस पाहिजे. टोपीवाले साहेब एकेकाला विचारत होते. कुणी माझं नाव घेतलं नाही. मुकादम म्हणाला, "साहेब, माझ्या टोळीत शिट्टी कुणाला येणार? धड दात कुणाला आहेत?" बोक्या म्हणाला, "मी शेजारी होतो, हा तर टाळ्या वाजवत होता. दोन्ही हातांनी." साहेबांनी मला तोंड उघडायला लावलं, फट बघितली आणि पुढे गेले. फट बघून त्यांना काय कळणार?

मी सुटलो होतो. मग ते तुला घेऊन आले.

तू लंगडत होतीस. केस बांधले नव्हतेस. रांगेच्या त्या टोकापासून सुरू केलंस. एकेकासमोर उभी राहायचीस, बघायचीस, पुढे. मला वाटलं तू माझ्यासमोरून तशीच पुढे जाशील. तुला सवय होती. निवड चाचणीला गेलीस, सरावाला गेलीस, शर्यतीत दर फेरीला गेलीस. मी मनात म्हणत होतो, जा ताई, याच वेळी जा, आधीच्या सगळ्या वेळा माफ.

थांबलीस.

किती वर्षांनी बघितलंस माझ्याकडे? नीट, पायापासून. नखातला डिंकही बघितलास. माझ्या पाठीकडे बघता आलं असतं तर तेही बघितलं असतंस, असं मला वाटलं. तुझे डोळे कोरडे होते. मी हसलो. मुद्दाम नाही. भीती वाटली की हसायची मला खोड आहे, तुला माहीत आहे.

तू हात वर केलास.

एक.

सबंध टोळीसमोर, बोक्यासमोर, मुकादमासमोर. बोट माझ्या छातीकडे. "हा," म्हणालीस.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही याला ओळखता? हा तुमचा कोण?"

तोच प्रश्न, ताई. शब्दसुद्धा तेच. मला वाटलं आता तू म्हणशील, कुणी नाही. साहेब म्हणाले असते, मग कशावरून हाच? तुझ्याकडे पुरावा नव्हता. आईचा तो भास सोडला तर शिट्टी ओळखणारी माणसं जगात तीन. एक मी. एक घरी अर्ध्या तोंडाने हसणारा. आणि तू. ओळखत नाही म्हणाली असतीस तर मी वाचलो असतो, माझं काम वाचलं असतं. तुला एक वाक्य बोलायचं होतं, तुझं पाठ असलेलं.

तू म्हणालीस, "माझा सख्खा भाऊ आहे. लहानपणापासून हाच मोजतो. याचं मोजणं कधी चुकत नाही."

बोक्याने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा माझ्यावर विश्वास ठेवून. मुकादमाने टोपी काढली. साहेबांनी माझ्या गळ्यातला पास ओढून घेतला, दोरी कानाला लागली, अजून चुरचुरतेय. तू तोपर्यंत वळली होतीस. जाताना सरांनी तुझा हात धरायला बघितला, तू धरू दिला नाहीस.

आज मला घरी पाठवताहेत. बाबांच्या समोरची खाट माझी. ते लवकर म्हणतील आणि हसतील आणि आई आमच्या दोघांच्या मधे उभी राहून विचारेल, जेवतोस का. पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला आहे, आईने सांगितलं. पट्ट्याचा हात चालत नाही, पण बाबा रोज त्याच्याकडे बघतात.

तुलाही शिबिरातून घरीच पाठवणार असं बोक्या कुठूनतरी ऐकून आला. खोली एकच आहे, ताई. कशी मावणार आपण सगळी?

मघाशी बोक्या पिशवीची चेन लावताना म्हणाला, "काही म्हण, पण सगळ्यांसमोर कबूल केलं तिने." बराच वेळ चेन अडकली होती. मग म्हणाला, "सख्खा म्हणाली."

हो, म्हणालीस. नुसतं भाऊ म्हणाली असतीस तरी मला पुरलं असतं.

शेपूट